हलक्या मोटारीचें आयुष्य

जड वस्तु टिकते आणि हलकी वस्तु लवकर मोडते, ही समजूत फार जुनी आहे. आजीच्या वेळचें तांब्याचें घंगाळ आणि बाजारांतली पत्र्याची बादली ज्यानें एकाच न्हाणीघरांत पाहिली आहे, त्याला ती खोटी वाटण्याचें कारणहि नाहीं. परंतु मोटारीच्या इतिहासांत एका इंग्लिश गाडीनें या समजुतीला मोठाच पेंच घातला आहे. ही गाडी म्हणजे लोटस एलान. तिचें वजन ७०० किलोंच्या आंत. तिचा पोलादी सांगाडा सुमारें ३४ किलोंचा, म्हणजे तांदळाच्या पोत्याहूनहि हलका. १९६२ पासून १९७३ पर्यंत ही गाडी तयार होत होती, आणि ती पन्नास वर्षें चालावी असा तिच्या कर्त्याचा हेतु होता असें मानण्यास कांहींच आधार नाहीं. तरीहि त्यांतील पुष्कळ गाड्या आज रस्त्यावर धांवत आहेत. त्याच काळांतील तिच्याहून दुप्पट जड, घसघशीत पत्र्याच्या कित्येक गाड्या मात्र केव्हांच भंगारांत गेल्या. हें कसें घडलें, हें पाहण्यासारखें आहे.

लोटस कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमन हा १९२८ सालीं जन्मला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत त्यानें इमारती व पूल बांधण्याच्या इंजिनियरिंगचें शिक्षण घेतलें. जुन्या ऑस्टिन सेव्हन गाडीची मोडतोड करून त्यानें १९४८ सालीं आपली पहिली गाडी उभी केली, आणि १९५२ सालीं उत्तर लंडनमधील हॉर्न्सी येथें, बापाच्या हॉटेलामागील तबेल्यांत, कंपनीची स्थापना केली. पूल बांधणाऱ्याची दृष्टि त्याच्यापाशीं अखेरपर्यंत राहिली. गाडींतील प्रत्येक तुकड्याला तो कामाचा हिशेब विचारी. जो तुकडा एकच काम करतो तो त्याच्या लेखीं निम्मा आळशी. शर्यतीच्या गाडीला हा शिरस्ता शोभतो, कारण शर्यत संपल्यावर दुसऱ्या दिवशीं गाडी सुटी करून तपासणारे कारागीर पगारावर ठेवलेले असतात. तीच गाडी बाजारांत विकली, कीं त्या कारागिरांचें काम मालकाच्या अंगावर येऊन पडतें. लोटसच्या गाड्या घेणाऱ्यांना ही गोष्ट हळूहळू, आणि बहुधा पदरचे पैसे मोजून, समजली.

हलकेपणाचा एक लाभ मालकाला निःसंशय मिळतो. टायर, ब्रेक, चाकांच्या बेअरिंगा आणि स्प्रिंगा यांना जो भार सोसावा लागतो तो गाडीच्या वजनाच्या प्रमाणांत असतो. त्यामुळें हलक्या गाडीचे हे भाग सावकाश झिजतात. तिचे टायर पुष्कळदां झिजून जाण्यापूर्वींच वयानें कडक होऊन टाकावे लागतात. परंतु याच नाण्याची दुसरी बाजू गंजाची आहे. तीन मिलिमीटर जाड पट्टीचा अर्धा मिलिमीटर गंजानें खाल्ला तर पट्टीचा सहावा हिस्सा गेला. दीड मिलिमीटरच्या पत्र्याचा तितकाच भाग गेला तर तिसरा हिस्सा गेला. जड गाडींत अजाणतां शिल्लक ठेवलेलें असें पुष्कळ लोखंड असतें, आणि निष्काळजी मालक वर्षानुवर्षें त्या शिलकेवर जगतो. चॅपमनच्या गाडींत शिल्लक अशी नव्हतीच. जेवढें लोखंड होतें तेवढें सगळें कामावर होतें.

एलानच्या आधीं लोटसनें एलाइट नांवाची गाडी काढली. १९५७ सालच्या अर्ल्स कोर्ट येथील प्रदर्शनांत ती प्रथम लोकांपुढें आली. काचेच्या तंतूंचें कापड राळेंत भिजवून घडविलेलें एक कवच, हेंच तिचें अंग आणि हाच तिचा सांगाडा. पुढील कांचेभोवतीं पोलादाची एक कमान त्या कवचांत चिकटविली होती, आणि आणखी कांहीं धातूचे तुकडे जेथें तेथें बसविले होते. बाकी सारें काचतंतूंचें. अंड्याच्या टरफलासारखी ही रचना होती आणि दिसण्यांत ती गाडी फारच सुंदर होती. ल मां येथील २४ तासांच्या शर्यतींत तिनें आपल्या वर्गांत १९५९ पासून पुढें अनेक वेळां विजय मिळविला. काचतंतूंचें कवच गंजत नाहीं, तेव्हां ही गाडी अमर व्हावयास हवी होती.

पण धातु आणि काचतंतु यांचा जेथें सांधा आला तेथें सारा ताण एकवटूं लागला. मागील चाकांना गति वांटून देणारी डिफरन्शियलची पेटी थेट कवचालाच अडकविली होती. तिच्या नित्याच्या हिसक्यांनीं तेथील काचतंतु चिरत. शिवाय एंजिनाचा आवाज त्या पोकळ कवचांत असा घुमे, कीं आंत बसलेल्याला ढोलांत बसल्यासारखें वाटे. मुख्य अडचण वेगळीच होती. कवच एकदां खोलवर बिघडलें तर बदलावयाचें काय? कवच बदललें म्हणजे गाडीच बदलली. ज्या एलाइट आज चांगल्या स्थितींत आहेत, त्यांच्या मालकांनीं फाटलेला भाग कापून, नवें कापड थरावर थर बसवून, धातूचे तुकडे पुन्हां रुजवून त्या उभ्या केल्या आहेत. हें काम एखाद्या शिल्पकाराच्या तोडीचें आहे, आणि तसे हात थोडे असतात. १९६३ सालीं एलाइट बंद झाली. सुमारें एक हजारच गाड्या तयार झाल्या होत्या.

एलानची आंखणी करणारा रॉन हिकमन हा दक्षिण आफ्रिकेंत जन्मलेला मनुष्य होता. (सुतारकामाचें ‘वर्कमेट’ नांवाचें घडीचें बांक पुढें यानेंच शोधून काढलें, आणि त्यानें त्याला अमाप पैसा मिळवून दिला.) एलानलाहि एलाइटसारखेंच एकसंध कवच द्यावें, असा मूळ विचार होता. परंतु एलान उघड्या छपराची गाडी. पुठ्ठ्याच्या खोक्याचें झांकण काढलें कीं खोकें जसें हातांत पिळवटतें, तसें त्या कवचाचें होऊं लागलें. हिकमन या कोड्यांत गुंतला असतांना चाकांची जोडणी आणि चालविण्याचे रबरी सांधे तपासून पाहण्यासाठीं एक तात्पुरता सांगाडा हवा होता. चॅपमननें पातळ पोलादी पत्रा दुमडून पेटीसारखा एक कणा काढून दिला. तो गाडीच्या मधोमध जाई आणि दोन्ही टोंकांना काट्यासारखा दुभंगे. पुढच्या काट्यांत एंजिन बसे, मागच्यांत डिफरन्शियल. ही तात्पुरती वस्तु इतकी ताठ निघाली, कीं तीच कायम करावी असें ठरलें. लग्नासाठीं घातलेला मांडव पुढें घर होऊन बसावा, तशांतलाच हा प्रकार. काचतंतूंचें अंग मग या कण्यावर नुसतें बोल्टांनीं अडकवून देण्यांत आलें.

त्या बोल्टांनीं गाडीचें आयुष्य ठरविलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं. पण त्या वेळीं तें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. लोकांच्या ध्यानांत आलीं तीं तिचीं दुखणीं.

पहिलें दुखणें पाण्याच्या पंपाचें. एलानच्या एंजिनाचा खालचा ठोकळा फोर्ड कंपनीच्या साध्या गाडीचा, ओतीव लोखंडाचा. त्यावर दोन कॅमशाफ्टांचें अॅल्युमिनियमचें डोकें हॅरी मंडी यानें आंखून दिलें होतें. हा मंडी ‘ऑटोकार’ या नियतकालिकाचा तांत्रिक संपादक होता. १५५८ घन सेंटिमीटरचें हें एंजिन सुमारें १०५ अश्वशक्ति देई, आणि गाडी इतकी हलकी असल्यामुळें तेवढ्यांत मोठमोठ्या गाड्यांना मागें टाकी. परंतु पाण्याचा पंप एंजिनाच्या पुढच्या आवरणांतच गुंतवून टाकला होता. पट्टा जरा अधिक ताणला कीं पंपाची बेअरिंग जाई. मग तेवढ्या एका बेअरिंगसाठीं एंजिनाचें तोंड उघडावें लागे, आणि तें नीट उघडावयाचें तर सबंध एंजिन बाहेर काढणेंच पुष्कळांना सोपें वाटे. पट्टा किती ताणावा, ही बोटानें दाबून पाहण्याची गोष्ट. तींत कुचराई केली तर आठवड्याचें काम उभें राही. पुढें काहीं कारागिरांनीं बाहेरून सुटा काढतां येईल असा पंप तयार केला, तेव्हां हा जाच संपला.

दुसरें दुखणें मागील चाकांच्या रबरी सांध्यांचें. एंजिनाची शक्ति चाकांकडे नेणारे दांडे रबराच्या जाड कड्यांनीं जोडले होते. नवें असतांना तें रबर लवचिक व निःशब्द काम देई, जुनें झालें कीं त्याला भेगा पडत. या भेगा चाकाखालीं वांकून पाहिल्यावांचून दिसत नाहींत, आणि कडें तुटलें तर सुटा दांडा आजूबाजूचें सर्व झोडपून काढतो. बऱ्याच मालकांनीं आतां तेथें पोलादी सांधे बसविले आहेत. कांहीं जुन्या वळणाचे लोक अजूनहि रबरच पसंत करतात व दर सर्व्हिसिंगच्या वेळीं विजेरी घेऊन गाडीखालीं जातात.

पुढच्या चाकांचें दुखणें याहून लबाड होतें. तेथील उभे खांब लोटसनें ट्रायंफ कंपनीच्या साध्या गाडीकडून घेतले होते. त्या खांबांचें खालचें टोंक पितळी जातीच्या धातूच्या एका खोबणींत आट्यांवर फिरतें. या आट्यांना दाट तेल पाजावें लागतें, ग्रीज चालत नाहीं. पण तेथें ग्रीजच्या पिचकारीसारखीच तोटी असल्यामुळें गांवोगांवच्या गॅरेजांतील मुलें बिनधास्त ग्रीज भरीत. ग्रीज आट्यांच्या तळापर्यंत पोंचत नसे, पाणी मात्र पोंचे. कांहीं वर्षांनीं खांब गंजून एके दिवशीं वळणावर मोडे. येथें गाडीच्या वजनाचा दोष कांहींच नाहीं. दोष असलाच तर एवढाच, कीं हें ज्ञान एका मालकाकडून दुसऱ्याकडे गाडीबरोबर गेलें नाहीं.

आणि मग सांगाड्याचा गंज. कण्याच्या पुढच्या टोंकाला दोन उभे बुरूज होते, त्यांवर पुढच्या स्प्रिंगा टेकत. या बुरुजांत शिरलेलें पाणी निघून जावें म्हणून खालीं भोंकें ठेवलेलीं होतीं. रस्त्यावरील चिखल त्यांत बसे, भोंकें बुजत, आणि बुरुजाच्या तळाशीं डबकें सांचे. इंग्लंडांत हिवाळ्यांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणजे हें डबकें खारें. पातळ पत्र्याला यापेक्षां अधिक काय पाहिजे? वरून चकचकीत अंग जसेंच्या तसें. काचतंतूंना गंज ठाऊक नाहीं, त्यामुळें आंतला कणा कुजत असतां गाडी दिसावयास नवी नवरी. जड पोलादी गाडीचा गंज निदान रंगाला फोड आणून मालकाला सांगावा तरी धाडतो.

तरी एलानपाशीं सांगावा धाडण्याची एक मोठी मजेची रीत होती. तिचे पुढचे दिवे दिवसा बॉनेटमध्यें लपलेले असत आणि रात्रीं एंजिनाच्या ओढीनें निर्माण झालेल्या निर्वाताच्या जोरावर वर येत. हा निर्वात सांठविण्यासाठीं निराळी टांकी ठेवणें चॅपमनच्या स्वभावांत बसणारें नव्हतें. कण्याची पुढची आडवी पेटी पोकळच आहे, तीच टांकी म्हणून वापरली. एका तुकड्यानें दोन कामें केलीं. त्या पेटीला गंजानें सुईच्या अग्राएवढें छिद्र पडलें, कीं निर्वात टिकेनासा होई आणि दिवे झोंपाळू मुलाच्या पापण्यांसारखे हळूहळू खालीं येत. दिवे मिटूं लागले कीं जाणता मालक दिव्यांना हात लावीत नाहीं, तो गाडीखालीं जाऊन सांगाडा ठोकून पाहतो.

सांगाडा कुजलेला निघाला, तर येथें एलाइट आणि एलान यांच्या वाटा निराळ्या होतात. एलानचे बोल्ट सोडावयाचे, नळ्या व तारा मोकळ्या करावयाच्या, आणि चार माणसांनीं अंग उचलून बाजूला लांकडी घोडीवर ठेवावयाचें. हलकें असल्यामुळेंच तें चौघांना उचलतें. खालीं उरतो तो कणा, एंजिन आणि चाकें. जुना कणा टाकून नवा घ्यावयाचा, सर्व अवयव एकेक तपासून त्यावर चढवावयाचे, आणि अंग पुन्हां वर ठेवावयाचें. घरच्या गॅरेजांत, फुरसतीच्या वेळांत, एखाद्या हिवाळ्यांत हें काम उरकणारे मालक इंग्लंडांत शेकड्यांनीं निघाले. १९८० च्या सुमारास लोटसनें आपल्या सांगाड्यांना जस्ताचा मुलामा देण्यास आरंभ केला, आणि एलानसाठीं मिळणारे बदली कणेहि असेच जस्ताळलेले येऊं लागले. म्हणजे १९६५ सालच्या गाडीला १९८५ सालीं मिळालेला कणा मूळच्या कण्याहून सरस होता. वय वाढत असतां गाडी अधिक टिकाऊ झाल्याचें असें उदाहरण विरळा.

या कामाला हात घालण्याचें धैर्य मालकांना कोठून आलें, याचें एक कारण कराच्या कायद्यांत आहे. त्या काळीं ब्रिटनमध्यें पुऱ्या तयार गाडीवर भारी खरेदी-कर असे, सुट्या भागांच्या रूपानें घेतलेल्या गाडीवर तो नसे. म्हणून लोटस आपल्या गाड्या सुट्या भागांतहि विकी आणि गिऱ्हाईक घरीं त्या जोडून घेई. १९७३ सालीं नवी करपद्धति आली आणि ही सवलत संपली. पण तोंपर्यंत अशा मालकांची एक पिढी तयार झाली होती, ज्यांनीं आपल्या गाडीचा प्रत्येक बोल्ट स्वतःच्या हातानें आंवळला होता. सोडावयाचा कसा, हें त्यांना दुसऱ्यानें शिकवावें लागलें नाहीं. सरकारच्या कराची चुकवाचुकवी गाडीच्या दीर्घायुष्याला अशी कामीं यावी, ही इतिहासाची थट्टाच म्हणावी लागेल.

कणा नवा, रबरी सांधे गेलेले, पंप निराळा, अंगावर नवा रंग. मग ही तीच गाडी कशी? हा प्रश्न तर्कशास्त्राच्या वर्गापुरता नाहीं. त्यावर नोंदणी क्रमांक आणि गाडीची किंमत, दोन्ही अवलंबून असतात. ब्रिटनच्या वाहन-नोंदणी खात्यानें दीर्घकाळ यासाठीं गुणांची पद्धत ठेवली होती. जुना क्रमांक टिकवावयाचा तर गाडीनें आठ गुण मिळवावे लागत, त्यांपैकीं पांच गुण सांगाड्याचे. आणि तो सांगाडा मूळचा असला काय किंवा मूळ बनावटीबरहुकूम नवा असला काय, गुण तेवढेच. याउलट संग्राहक लोक जुन्या, न बदललेल्या कण्याच्या गाडीसाठीं अधिक किंमत मोजावयास तयार होतात, मग तिच्यांत बसून कोणी दूर जावें अशी तिची स्थिति नसली तरी चालेल. सरकारी खात्यानें वापरणाऱ्याची बाजू घ्यावी आणि रसिकांनीं कागदाची, हें उलटें झालें आहे. कोंकणांतलें कौलारू घर दर वर्षीं पावसापूर्वीं कौलें चाळून, कुजलेला वासा बदलून शंभर वर्षें उभें राहतें. त्याचा मूळचा वासा कोणता, असें कोणी विचारीत नाहीं.

एलानची कीर्ति जपानपर्यंत पोंचली. हिरोशिमाच्या माझदा कंपनीनें हलकी, दोन आसनांची, उघडी गाडी करावयाची ठरविली तेव्हां तिच्या आंखणी करणारांपुढें एलानचा नमुना होता. १९८९ सालीं शिकागोच्या प्रदर्शनांत त्यांची एमएक्स-५ गाडी आली, आणि २०१६ पर्यंत तशा दहा लाख गाड्या तयार झाल्या. वजन एलानच्या दीडपट होऊनहि १००० किलोंच्या आंतच राहिलें. एंजिन साधें व चिवट होतें. इंग्लिश गाड्यांचीं बहुतेक दुखणीं जपानी इंजिनियरांनीं मुळापासून घालविलीं; एक मात्र राहिलें. हिचें अंग पोलादी पत्र्याचें. कापडी छपरावरून ओघळणारें पाणी मागच्या बाजूस दोन नळ्यांनीं खालीं सोडलेलें आहे. झाडाखालीं उभ्या राहणाऱ्या गाडीच्या या नळ्या पाल्यानें तुंबतात, पाणी दाराखालच्या उंबऱ्यांत शिरतें, आणि उंबरा आंतून कुजतो. वीस वर्षांच्या अंतरानें, अर्धी पृथ्वी ओलांडून, तेंच बुजलेलें भोंक. तेथें उंबरा बोल्टांनीं सुटत नाहीं. गंजलेला पत्रा कापून नवा वेल्डिंगनें सांधावा लागतो. २०१७ सालीं माझदानें जपानांत आपल्या पहिल्या पिढीच्या गाड्या कारखान्यांतच पुनः घडवून देण्याची सोय जाहीर केली आणि त्यासाठीं बंद पडलेले कित्येक सुटे भाग पुन्हां तयार करविले. कारखानदार आपल्याच जुन्या गाडीचा असा पाठीराखा होणें ही दुर्मिळ गोष्ट आहे.

चॅपमन १९८२ सालीं वारला. त्याच्या घराण्याची हलकी गाडी पुन्हां आली ती १९९६ सालीं, एलीझ या नांवानें. तेव्हांचे अध्यक्ष रोमानो आर्तिओली यांच्या नातीचें नांव एलिझा. त्यावरून हें नांव पडलें. या गाडीचा सांगाडा अॅल्युमिनियमच्या सांच्यांतून दाबून काढलेल्या पट्ट्यांचा असून त्या पट्ट्या वेल्डिंगनें न सांधतां एपॉक्सी सरसानें चिकटविल्या आहेत. सांगाड्याचें वजन ६८ किलो, गाडीचें ७२५ किलोंच्या आसपास. सरसानें जोडलेली गाडी, हें ऐकून त्या काळीं पुष्कळांनीं भुंवया उंचावल्या. परंतु वेल्डिंगच्या उष्णतेनें अॅल्युमिनियम मऊ पडतें, सरसानें पडत नाहीं, म्हणूनच पट्ट्या पातळ ठेवतां आल्या. सरस सोलला जाऊं नये म्हणून जागोजाग स्क्रूहि बसविले आहेत.

एलीझला त्रास दिला तो दुसऱ्याच्या घरून आलेल्या एंजिनानें. रोव्हर कंपनीचें तें एंजिन थरावर थर रचून, डोक्यापासून तळापर्यंत जाणाऱ्या लांब बोल्टांनीं आवळलेलें होतें. तेंहि हलकेपणाचेंच अपत्य. त्यांत पाणी थोडें, आणि एलीझमध्यें एंजिन मागें व रेडिएटर पुढें असल्यामुळें पाण्याचा प्रवास लांब. थंड पाण्याचा लोंढा तापलेल्या एंजिनांत एकाएकीं शिरला कीं थर हलत आणि डोक्याखालचें गॅस्केट फुटे. थंड एंजिन जोरांत पळवूं नये, पाण्याची पातळी दर आठवड्यास पाहावी, या दोन गोष्टी पाळणाऱ्या मालकांचीं एंजिनें दीर्घकाळ टिकलीं. पुढें २००४ पासून टोयोटाचीं एंजिनें येऊं लागलीं आणि ही तक्रार मागें पडली.

एलीझच्या सांगाड्याला मोठा धक्का बसला तर मात्र तो सरळ करतां येत नाहीं, आणि एलानसारखा तो स्वस्तांत बदलतांहि येत नाहीं. त्या अर्थी तो एलाइटच्या कवचाचा नातू आहे. २०२१ सालीं तिचें उत्पादन थांबलें. जुन्या एलीझचा तळपत्रा उतरवून पाहणाराला मुख्यतः पोलाद आणि अॅल्युमिनियम यांच्या सांध्याकडे लक्ष द्यावें लागतें, कारण दोन निराळे धातु ओलाव्यांत एकमेकांना चिकटून राहिले कीं अॅल्युमिनियम खाल्लें जातें व तेथें पांढरी भुकटी धरते. चाकांना धरणारे हात पोलादी आहेत. ते लाल होतात, आणि बोल्ट सोडून ते बदलतां येतात.